माझी हरकत नाही

गास, वसई
६ जानेवारी २०२५

कु. दिपिका वैती यांस,
सप्रेम नमस्कार.

विनंती विशेष. काल आपण घरी येऊन मराठी संभाषण वर्गाविषयी विचारणा केलीत, त्या संदर्भात हे पत्र लिहीत आहे.

माझी पत्नी सालोमी हिने बाहेरगावाहून आलेल्या लोकांसाठी सुरू केलेला हा वर्ग आपल्या साहाय्याने आमच्या घराच्या ओटीवर भरत असे. ऑक्टोबरमध्ये तिच्या निधनानंतर तो स्थगित आहे. ज्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे तेथे येऊन बसण्याचे बंधन आपणावर किंवा विद्यार्थ्यांवर असू नये, असे माझे मत आहे. सबब वर्ग अन्यत्र हलविण्यास माझी हरकत नाही. फळा, बाके व सतरंज्या आपल्या सोयीने नेता येतील. चहाची मोठी किटली स्वयंपाकघरात आहे. तिच्याविषयी मागाहून कळवीन.

अंत्यविधीच्या वेळी आपण व विद्यार्थ्यांनी केलेल्या सहकार्याबद्दल आभारी आहे.

आपला विश्वासू,
बॅप्टिस्ट लोपीस


गास, वसई
२४ मार्च २०२५

प्रिय दिपिका,
सप्रेम नमस्कार.

येथे सर्व ठीक आहे. उमेळ्यास तुमचे आईवडील सुखरूप असतील असे समजतो. आमच्याकडे उपवासकाळ चालू आहे. वाडीतल्या सोनचाफ्याला यंदा फुले बरी आली; शेजारचा आग्नेल ती आपल्या फुलांबरोबर दादरच्या बाजारात पाठवतो. विहिरीचा पंप मध्यंतरी बिघडला होता, तो दुरुस्त झाला. माझी प्रकृती चांगली आहे. रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतो.

एवढे लिहून झाले की पत्र आवरते घ्यावे, अशी माझी आजवरची पद्धत. सालोमी म्हणत असे, "तुमचं पत्र म्हणजे हवामानाचा अंदाज. वारा कुठून वाहतोय ते कळतं, घरात काय चाललंय ते कळत नाही." आज तसे करून चालणार नाही. शनिवारी तुळिंजला तुमच्या वर्गात बसून मी जे पाहिले, त्याविषयी मला लिहायचे आहे. मिठाईच्या दुकानावरची ती खोली मालकाला एप्रिलपासून स्वतःसाठी हवी आहे आणि दुसरी जागा न मिळाल्यास वर्ग बंद पडेल, हेही मला तेथेच कळले. त्याविषयीही लिहायचे आहे. यांपैकी पहिला विषय मला सोपा वाटतो, म्हणून त्यापासून आरंभ करतो.

मी किटली द्यायला आलो होतो. निदान घरून निघताना मी स्वतःला तसे सांगितले होते. जिना चढून येईपर्यंत तळणीच्या तुपाचा वास नाकात बसला होता. दारात उभा राहिलो तेव्हा सर्वप्रथम माझे लक्ष फळ्याकडे गेले. तो भिंतीवर नव्हता. एका खुर्चीवर उभा करून ठेवला होता आणि घसरू नये म्हणून सुरजने त्याला गुडघ्याचा टेकू दिला होता. भाड्याच्या भिंतीत खिळा ठोकायला मालकाची मनाई आहे, असे त्याने सांगितले. तुम्ही काही बोलण्याआधीच मागच्या बाकावरून कुणीतरी कुजबुजले, "टीचरचे मिस्टर आले." त्यावर सगळे उठून उभे राहिले. तुम्ही माझ्या हातातली किटली घेतलीत, तिच्याकडे क्षणभर पाहिलेत आणि म्हणालात, "बसा ना, सर. आज हंसाबेनची गोष्ट आहे." मी बसलो.

हंसाबेनला मी आमच्या ओटीवर पाहिले होते, परंतु तिचे तुळिंजला ब्लाऊजपीस आणि लेसचे दुकान आहे हे मला ठाऊक नव्हते. ती तावातावाने सांगत होती, "टीचर, ती बाई माझ्या तोंडावर बोलली, 'बघते, परत येते.' मी तिच्यासाठी मोरपंखी लेस बाजूला काढून ठेवली. दुसरी गिऱ्हाइकं मागत होती, मी दिली नाय. गणपती गेले, दिवाळी गेली. ती आलीच नाय! खोटं कशाला बोलायचं?"

तुमच्या जागी मी असतो, तर 'परत येते' या रूपाचा काळ आणि पुरुष सांगून मोकळा झालो असतो. तुम्ही सुरजला उभे केलेत आणि त्याला गिऱ्हाईक बनवलेत. फळा शेजारच्याच्या हाती देऊन तो पुढे आला, डोक्यावरून काल्पनिक पदर घेतला, लेस बोटांत धरून नाक मुरडले आणि बारीक आवाजात म्हणाला, "बघते हां, परत येते." सगळा वर्ग हसला. हंसाबेन म्हणाली, "अरे, अशीच! अगदी अशीच होती!"

"आता शब्द विसरा," तुम्ही म्हणालात. "पाय बघा सुरजचे. कुठे वळलेत?"

"जिन्याकडे."

"लेस हातात आहे?"

"ठेवली."

"भाव विचारला?"

"नाय विचारला."

"मग?"

हंसाबेन बराच वेळ सुरजच्या पायांकडे पाहत राहिली. नंतर म्हणाली, "मग ती बोलली नाय, पण बोलली." आणि पुन्हा चिडून, "पण मग सरळ सांगायचं ना, आवडली नाय म्हणून!"

तेव्हा तुम्ही जे उत्तर दिलेत, ते मी घरी येताना बसमध्ये मनाशी पुन्हा पुन्हा म्हटले. तुम्ही म्हणालात, "सरळ सांगितलं असतं तर तुमचं तोंड उतरलं असतं, हंसाबेन. तिनं तुमचं तोंड उतरू दिलं नाही. ती खोटं बोलली नाही, तुमचा मान ठेवून गेली. आता तुम्ही तिला काय म्हणाल?"

"'या हां, ताई,' म्हणीन."

"आणि लेस?"

"लेस विकून टाकीन!"

दिपिका, मी सरकारी अनुवाद विभागात तीस वर्षांहून अधिक काळ नोकरी केली. कर्ता, कर्म, क्रियापद जुळले, लिंगवचन सांभाळले, की वाक्य पुरे झाले, अशी माझी धारणा होती. ते वाक्य कोणाच्या कानी पडणार आहे, तो माणूस त्या क्षणी उभा आहे की निघालेला आहे, याचा विचार मसुद्यात करायचा नसतो. तुम्ही मात्र ज्या ठिकाणी माझे काम संपते तेथून आरंभ केलात. पाठ्यपुस्तकात जे वाक्य एका ओळीत मावते, त्याच्याभोवती तुम्ही एक दुकान, एक बाई, तिचे पाय आणि दुसऱ्या बाईचा मान उभा केलात. भाषा शिकवण्याची याहून चांगली रीत माझ्या पाहण्यात नाही. हे मी शिष्टाचार म्हणून लिहीत नाही.

तुम्हाला आठवत असेल, या विद्येचे नाव तुम्हीच प्रथम आमच्या ओटीवर आणले. विद्यापीठातून भाषाविज्ञान शिकून आलात आणि सालोमीला म्हणालात, "टीचर, तुम्ही इतकी वर्षं जे शिकवता ना, त्याला प्रॅग्मॅटिक्स म्हणतात." ती खूप हसली होती. म्हणाली, "म्हणजे मला आजार आहे आणि त्याला नाव पण आहे!" मला मात्र उत्साह आला. मी खोलीत जाऊन 'उपयोजनविचार', 'संदर्भार्थशास्त्र' आणि असेच आणखी काही प्रतिशब्द तयार करून आणले. तिने ते सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, "ह्यातला कुठला हंसाबेनला देऊ?" आणि स्वतःच फळ्यावर लिहिले: 'माणूस बघून बोलणं'.

मी हरकत घेतली होती. माणूस बघून बोलणे यात लाचारी येते, मोठ्यासमोर वाकणे आणि लहानावर ओरडणे येते, असे मी म्हणालो. तिने खडू माझ्या दिशेने रोखला. "लहान-मोठा नाही बघायचा. दमलाय का, घाबरलाय का, भुकेला आहे का, ते बघायचं. तुम्ही एवढे शिकलेले, तुम्हाला माणूस म्हटल्यावर आधी हुद्दाच कसा दिसतो?" त्यावर तुम्ही तोंडाला ओढणी लावून हसलात. मी पाहिले होते. आज सांगतो, आमच्या विभागाने केलेल्या शेकडो प्रतिशब्दांत त्या तीन शब्दांच्या तोडीचा एकही नाही.

तुमच्या 'पानी'चेही आठवते. कॉलेजात तुमच्या तोंडून 'पानी' आले की मुले हसत, म्हणून तुम्ही दक्ष राहून 'पाणी' म्हणायला शिकलात; आणि आमच्या ओटीवर एकदा गडबडीत पुन्हा 'पानी' निसटले, तेव्हा मी सवयीने दुरुस्ती केली. सालोमीने मला तेथेच थांबवले. "उमेळ्याला घरी जाऊन ती 'पाणी' म्हणाली, तर तिची आई विचारील, आज पाहुणी का झालीस म्हणून." त्या दिवसापासून आमच्या घरात तुम्ही कायम 'पानी' म्हणालात. तो तुम्ही आम्हाला दिलेला मान होता, हे समजायला मला सालोमीचेच साहाय्य लागले.

आता दुसऱ्या विषयाकडे वळले पाहिजे.

लेसची गोष्ट संपली आणि हंसाबेनने हात वर केला. मी समोर बसलो आहे हे ती विसरली होती की नव्हती, ते मला सांगता येणार नाही. तिने विचारले, "टीचर, मग 'हरकत नाय' म्हणजे पण तसंच ना? म्हणजे 'निघा आता'. अंकलनी लिवलं होतं ना चिठ्ठीत, मग आपण निघालो."

सुरज हळूच म्हणाला, "हंसाबेन, चूप ना."

"का चूप? शिकायला आलोय ना आपण?"

त्या क्षणापर्यंत मला याची कल्पना नव्हती, हे तुम्ही खरे माना. तुम्ही सर्वांनी फळा उचलून नेलात तेव्हा मी खिडकीतून पाहत होतो. माझ्या घरातील शोकापासून तुमची सुटका झाली याचे मला समाधान वाटले होते. आणि आपण होऊन कुणीही पुन्हा आले नाही, याचे आश्चर्यही वाटले होते. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल असे माझ्या मनात आले नाही.

तुमचा चेहरा लाल झाला. तुम्ही फळा पुसलात. वास्तविक त्यावर पुसण्यासारखे काही नव्हते. मग वर्गाकडे वळून म्हणालात, "नाही, हंसाबेन. वाक्य कोण बोलतंय ते आधी बघायचं. घरमालक भाडेकरूला म्हणाला, 'तुम्ही गेलात तरी माझी हरकत नाही', तर ती नोटीस. बाप मुलीला म्हणाला, 'त्या मुलाशी लग्न कर, माझी हरकत नाही', तर तो आशीर्वाद, थोडा रुसलेला. आणि जो माणूस आयुष्यभर सरकारी फायलींत जगला..." येथे तुम्ही थांबलात. मला वाटते, ते तुम्हाला त्याच वेळी सुचत होते. "फायलीवर 'हरकत नाही' असं लिहून आलं की काय होतं, सुरज?"

"काम होतं, टीचर. पास."

"हो. फायलीवर त्याच्यापेक्षा मोठा होकार नसतो. ऑफिसात त्या दोन शब्दांसाठी लोक महिनोन् महिने हेलपाटे घालतात. त्या माणसाकडे द्यायला जे सगळ्यात मोठं होतं, ते त्यानं दिलं."

हंसाबेन माझ्याकडे वळून म्हणाली, "मग अंकल, तुम्ही काढलं नव्हतं आमाला?" मी उत्तरादाखल मान हलवली. ती मान होकाराची होती की नकाराची, हे तिला कळले नसावे, कारण ती पुढे म्हणाली, "टीचरचे मिस्टर असून पण तुमाला एवढं येत नाय?" सुरजने कपाळावर हात मारला. सालोमी गेल्यानंतर मी प्रथमच हसलो. तुम्हीही हसलात.

घरी आल्यावर मी जानेवारीच्या त्या पत्राची माझ्याकडची प्रत काढून वाचली. व्याकरणदृष्ट्या तीत एकही चूक नाही. तरीही ते पत्र हाती आलेल्या कोणत्याही माणसाने फळा उचलून निघून जावे, इतके ते स्पष्ट आहे. असे पत्र ज्या व्यक्तीला मिळाले, तिनेच भर वर्गात उभे राहून त्याचा इतका उदार अर्थ लावावा, आणि तोही मला बरे वाटावे म्हणून खोटा नव्हे तर आपल्या विद्येने तपासून खरा, याला काय म्हणावे? माझ्याकडे प्रतिशब्द नाही.

मी आग्नेलला ही हकीकत सांगितली. तो मला लहानपणापासून ओळखतो. म्हणाला, "तुझं नेहमीचंच आहे. सालोमी गेली तेव्हा गाव येऊन बसलं होतं ना तुझ्याकडे? तू एकेकाला हात जोडून 'आभारी आहे' म्हणालास. अरे, मयताच्या घरी आभार कोण मानतो? लोकांना वाटलं, सभा संपली. उठून गेले." मी म्हणालो, त्यांनी वेळ काढला होता, आभार मानणे योग्य होते. तो म्हणाला, "त्यांना आभार नको होते. त्यांना तू रडायला हवा होतास, नाहीतर निदान चहा करा म्हणायला हवा होतास."

आता जी गोष्ट मी कोणाजवळ बोललेलो नाही, ती लिहितो. आग्नेललाही ती ठाऊक नाही.

सालोमीच्या अखेरच्या आठवड्यातली ही दुपार आहे. सुरज ज्या रुग्णालयात वॉर्डबॉय आहे, तेथेच ती होती, हे तुम्हाला माहीत आहे. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. सुरज प्रत्येक खाटेपाशी जाऊन नातेवाइकांना बाहेर काढत आमच्यापर्यंत आला. पूर्वी तो 'चला, उठा, टाइम खतम' असे ओरडत असे आणि लोक त्याच्याशी भांडत. याच कारणासाठी तर तो प्रथम सालोमीच्या वर्गात आला होता. त्या दुपारी त्याने आधी तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "सर, टाइम झाला. मी जरा त्या टोकाच्या वॉर्डात जाऊन येतो. इकडे यायला मला उशीर होईल." आणि तो निघून गेला.

सालोमीने डोळे मिटूनच म्हटले, "ऐकलंत? माझा विद्यार्थी." तिला बोलायला कष्ट पडत होते. थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुम्ही पण घरी जा आता. झाडांना पाणी घालायचं राहिलं असेल. मला काही नको."

एरवी मी उठलो असतो. आमच्या सबंध संसारात ती 'जा' म्हणाली की मी जात असे आणि 'नको' म्हणाली की थांबत असे. तिचे शब्द मी फायलीवरील शेऱ्याप्रमाणे मानले. मात्र वर्गाला ती काय शिकवते, ते मी आतल्या खोलीतून इतकी वर्षे ऐकत आलो होतो. नवीन विद्यार्थी आला की ती किटली हातात घेऊन त्याला चहा विचारायची आणि साऱ्यांकडून वदवून घ्यायची: पहिला नको ऐकायचा नाही, दुसरा ऐकायचा, तिसरा मानायचा. त्या दुपारी मी तिच्या शब्दांवरून लक्ष काढले आणि तिच्या हाताकडे पाहिले. तो माझ्या बाहीवर होता. घरी जा म्हणताना तिने बाही सोडली नव्हती.

मी खुर्ची जवळ ओढली आणि बसून राहिलो. म्हणालो, "झाडांना आग्नेल घालील पाणी."

तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिले. मग तिच्या चेहऱ्यावर ते हसू आले, जे एखादा विद्यार्थी पहिल्यांदा बरोबर बोलला की येत असे. ती म्हणाली, "आज पास झालात."

सुरज खरोखरच बऱ्याच उशिराने आला.

हे मी आजपर्यंत सांगितले नाही. सांगितले असते तर लोकांनी सांत्वन केले असते, मी आभार मानले असते, आणि ते वाक्यही सर्वांच्या वापरात येऊन झिजले असते. पण शनिवारपासून वाटते की तिने उत्तीर्ण केलेल्या माणसाला आपल्याला काहीच येत नाही असे म्हणण्याची मुभा नाही. मला येते. परीक्षक गेल्यानंतर मी सराव सोडला, इतकेच.

वर्ग सुटल्यावर तुम्ही त्याच किटलीतला चहा मला विचारलात. मी नको म्हणालो. तुम्ही पुन्हा विचारलेत. मी पुन्हा नको म्हणालो. तिसऱ्यांदाही म्हणालो आणि तुम्ही नियमाप्रमाणे तो नको मानून चहा सुरजला दिलात. मला चहा हवा होता, दिपिका. सालोमीच्या किटलीतला चहा मी ऑक्टोबरपासून प्यायलेलो नाही. नंतर तुम्ही जिन्यापर्यंत सोडायला आलात आणि म्हणालात, "येत जा, सर." त्याचे उत्तर म्हणून मी काय बोललो, ते तुम्हाला आठवत असेल. 'आभारी आहे' असे म्हणालो. तुळिंजच्या गर्दीत मी बस थांब्यापर्यंत चालत गेलो आणि त्या दोन शब्दांची मला प्रत्येक पावलाला लाज वाटत होती.

जिन्यावर तुम्ही आणखी काहीतरी बोलणार होतात, असा माझा समज आहे. खोली जाणार हे तुम्ही मला स्वतः सांगितले नाहीत, सुरजने सांगितले. तुम्ही स्वतः होऊन आमच्या ओटीचे नाव काढणार नाही, हेही मी जाणतो. ज्याने जा म्हटले त्याच्या दाराशी पुन्हा कसे जायचे, आणि तेही दिवंगत टीचरच्या घरी? त्यामुळे विचारायचे ते मीच विचारले पाहिजे.

मात्र ते या पत्रातून विचारणार नाही. आपल्याकडे, तुमच्या उमेळ्याला काय किंवा आमच्या गासला काय, आवतण चिठ्ठीने देत नाहीत. छापील पत्रिका दारात पडली तरी घरचे माणूस तोंडाने सांगायला आले नाही, तर पाहुणे जेवायला येत नाहीत. हे पत्र एवढ्याचसाठी, की मी समोर उभा राहून पुन्हा एखादे निर्दोष वाक्य उच्चारले, तर त्याच्या मागे काय आहे हे तुम्हाला आधीच माहीत असावे.

येत्या रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर आग्नेल मला स्कूटरवरून उमेळ्याला आणून सोडील. तुमच्या आई 'पानी घ्या' म्हणतील. मी रीतीप्रमाणे एकदा नको म्हणेन. त्यांना कृपया पुन्हा विचारायला सांगा. त्यानंतर मी वर्गाविषयी विचारीन. तुम्ही म्हणाल, "कशाला, सर, तुम्हाला उगाच त्रास." तो पहिला नको मी ऐकणार नाही. मी दुसऱ्यांदा विचारीन. त्या वेळी मात्र तुम्ही माझ्याकडे नीट पाहून, तुमच्या मनात असेल ते सांगा. तिसऱ्यांदाही नको म्हणालात, तर मानीन आणि तुमच्यासाठी तुळिंजला दुसरी जागा शोधायला तुमच्याबरोबर फिरेन.

परंतु माझी इच्छा काय आहे, ते एकदा तरी सरळ लिहितो, कारण आयुष्यात मी ते कधी केलेले नाही. वर्ग ओटीवर यावा. त्रास व्हावा. चपलांनी पायरी भरावी. हंसाबेनने मोठमोठ्याने भांडावे आणि मला आतल्या खोलीत वाचता येऊ नये. मागच्या बाकावर एक जागा माझ्यासाठी असावी. तेथे मी टीचरचे मिस्टर म्हणून नव्हे, तर विद्यार्थी म्हणून बसेन. मला काही विचारू नका, असे मी म्हणेन. तरी विचारा.

ईस्टरच्या आधी घराला रंग द्यायचा आहे. आग्नेल म्हणाला, ओटीवरच्या भिंतीतला तो मोठा खिळा काढून टाक, आता त्याला काय लटकवायचे आहे? मी त्याला थांबवले. रंगारी त्या खिळ्याभोवतीने रंग देईल. खिळा आहे तेथेच आहे.

येताना किटली आणा.

वाट पाहणारा,
सालोमी टीचरचे मिस्टर,
बॅप्टिस्ट